तेवीस किलो

दुपारी अडीच वाजता बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात सावलीशिवाय काही हलत नाही. अशा वेळी एका किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर तांदळाच्या पोत्याऐवजी चाकांची निळी बॅग उभी दिसली. आकडा २४.१. बॅगेपाशी मिशनच्या सिस्टर, मागं पदर खोचून त्यांची आई, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून निवांत झालेला दुकानदार.

"एक किलो जास्त भरतंय की वो, सिस्टर."

"विमानात तेवीसच्या वर चालत नाही."

"मग काढा की काय तरी."

आईनं लगेच बॅगेवर हात ठेवला. "काढण्यासारखं त्यात काही नाही हं."

सिस्टर निघाल्या होत्या टांझानियाला, मिशनच्या माध्यमिक शाळेत शिकवायला. आमच्या भागात याचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. बदली कुठं झाली म्हणून विचारावं, तर हुबळी, मडगाव आणि टांझानियातलं म्वांझा ही तिन्ही नावं एकाच सुरात ऐकू येतात. खरं तर ही बॅग आधी उलट दिशेनं आली होती. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, त्यांच्या मागून बेनन आले. बेननस्मिथ हायस्कूलच्या पाटीवर ते नाव अजून आहे. तेव्हा जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी पोचायचं आणि पेट्या किलोवर मोजल्या जात नसत. आता विमान एका दिवसात सोडतं आणि ग्रॅमवर भांडतं.

अशी बॅग भरायचीही एक रीत आहे. मूळ प्रमाणपत्रं, चष्म्याची दुसरी जोडी, औषधं आणि परवान्याचे कागद हातातल्या पिशवीत. मिशनऱ्यांना तिथं सी वर्गाचा रहिवास परवाना लागतो. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्डही हाताशी हवं. केनिया, युगांडा किंवा इथिओपियातून भारतात परतताना ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी कार्ड लागू होत नाही. आमच्याकडची माणसं त्यासाठी बहुधा मुरगाव बंदर गाठतात. लस एकदाच, जन्मभराची. पूर्वी दर दहा वर्षांनी टोचायची, २०१६ पासून ते थांबलं.

मोठ्या बॅगेत काय, यावर घराघरात वाद. तिखट हातातल्या पिशवीत चालत नाही, ते खालीच ठेवायचं. सुकं खोबरं खालीही चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. दरवर्षी कुणाच्या तरी खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच्या टोपलीत जातात, आणि तरी पुढच्या वर्षी कुणीतरी नेतंच. लोणच्याची बाटली झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून घट्ट केली तरी तेल वाट काढतं. म्हणून जाणती माणसं कारळ्याची चटणी कोरडी कुटून नेतात, संकेश्वरी मिरचीची. बेळगावचा कुंदा मात्र नेऊ नये. दुधाचा पदार्थ, चार दिवसांत आंबतो, आणि ज्या शाळेपर्यंत पोचायलाच दोन दिवस लागतात तिथं तो आठवणीपुरताच उरतो.

सगळ्यात मोलाची वस्तू मात्र कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. कुकरचं रबर. रोजच्या वापरात वर्षभरात ते कडक होतं आणि आडगावात त्या मापाचं मिळत नाही. तीन लिटरचं रबर पाच लिटरला बसत नाही, हे तर इथंसुद्धा दुकानातून परत आल्यावरच आठवतं. म्हणून दोन रबरं आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथली माहारागे म्हणजे राजम्याच्या जातीचे घेवड्याचे दाणे, उघड्या भांड्यात दोन-दोन तास शिजत बसतात. चूल बहुतेक कोळशाच्या शेगडीची, तिला जिको म्हणतात. कोळशाची आच गॅससारखी एकदम कमी होत नाही, त्यामुळं पाणी आटतं, तळ लागतो आणि व्हॉल्व्ह उडतो. पाणी नेहमीपेक्षा कपभर जास्त घालायचं आणि शिट्ट्या मोजून कुकरच खाली उतरवायचा.

नाचणीचा मुद्दा वेगळा आहे. खानापूर-चंदगडकडची प्रत्येक आई नाचणी मोड आणून, भाजून, दळून किलोभर तरी बांधून देते. तिथल्या बाजारात नाचणीचे ढीग असतात. तिला उलेझी म्हणतात आणि तिची जी पेज करतात ती उजी. आंबिलीची सख्खी बहीणच, फक्त ताकाऐवजी तिच्यात साखर पडते. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी इकडं आली. कारळंही इथिओपियाचं. म्हणजे आई जे बांधते त्यातलं निम्मं माहेरी परत चाललेलं असतं. तिथं माठाची भाजीही आहे, म्चिचा नावानं. चपाती तर चपातीच. दुकानाला दुका म्हणतात, गाडीला गारी, हिशेबाला हेसाबू. पहिल्याच आठवड्यात बाजारात पाच-पंचवीस शब्द ओळखीचे निघतात आणि माणूस फुशारतो.

फुशारकी घड्याळापाशी उतरते. स्वाहिली बोलणारा दिवसाचे तास उगवतीपासून मोजतो. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळं हिशेब अगदी सरळ आहे. चूक आपली. शाळेच्या वेळापत्रकात इंग्रजी वेळ छापलेली असते आणि शिपाई तोंडानं स्वाहिली वेळ सांगतो. 'सा कुमी ना म्बिली'ची, म्हणजे बाराची, बस म्हणून बारा वाजता स्टँडवर जाणारा नवा शिक्षक प्रत्येक मिशनमध्ये होऊन गेलेला असतो. ती बस सकाळी सहालाच निघून जाते. उपाय सोपा आहे. तासकाटा जिकडं असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. आठच्या समोर दोन.

भाषेबाबत मात्र सीमाभागातला माणूस तयार होऊनच जातो, असं माझं ठाम मत आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, चर्चमध्ये कोंकणी आणि तहसील कार्यालयात जे चालेल ते. स्वाहिलीत विशेषण नामाप्रमाणं बदलतं: किताबू किझुरी म्हणजे चांगलं पुस्तक, विताबू विझुरी चांगली पुस्तकं, म्टोटो म्झुरी चांगलं मूल. चांगला, चांगली, चांगलं म्हणत वाढलेल्याला त्यात नवल वाटत नाही. कन्नड शब्दाला शेपूट जोडते, स्वाहिली डोक्याला टोपी घालते, इतकाच फरक. नि-ना-सोमा, मी वाचतो. नि-ली-सोमा, वाचलं. नि-ता-सोमा, वाचीन. आकडे तर इतके सरळ की मराठीची लाज वाटावी. एकोणसाठ म्हणजे 'हम्सिनी ना टिसा', पन्नास आणि नऊ. साठातून एक वजा करायला कुणी सांगत नाही.

खरी कसोटी वर्गात लागते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेची सात वर्षं स्वाहिलीत जातात आणि माध्यमिकच्या पहिल्या दिवसापासून स्वाहिली सोडून सगळे विषय इंग्रजीत. आमच्याकडं दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी सायन्सला बसलेली पोरं आठवा: पहिले सहा महिने फळा जसाच्या तसा वहीत, अक्षर सुंदर, डोक्यात काही नाही. तिथंही तेच. साठ-सत्तर मुलं उभी राहून "शिकामो, म्वालिमू" असा नमस्कार करतात, शिक्षकानं "मारहाबा" म्हणायचं, मग ती बसतात. "समजलं का?" विचारलं की सगळी एका सुरात "न्दियो", होय, म्हणतात. म्हणून ते विचारायचंच नाही. आकृती काढायला सांगायचं, गणित फळ्यावर करून घ्यायचं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाचे दहा शब्द दोन्ही भाषांत लिहायचे आणि तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. दहाच्या वर गेलं की एकही राहत नाही.

फळा म्हणजे बहुधा भिंतीवरचाच गिलावा, काळा रंगवलेला. नव्या रंगावर एकदम लिहिलं तर अक्षरं कायमची उमटतात. आधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. फळा चकाकायला लागला की बाकांच्या एका बाजूला दिसेनासं होतं. पूर्वी आमच्याकडं कोळसा आणि तोंडलीचा पाला वाटून फळ्याला लावायचे. तिकडं टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड वापरतात. ही पूड रसायनशास्त्राच्या तासालाही कामी येते: हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली की ऑक्सिजन सुटतो. सेल मात्र साधा झिंकचा फोडायचा. अल्कलाइन फोडला तर आतलं हात भाजतं. मार्च ते मे मोठा पाऊस, मसिका. त्या दिवसांत खडू ओल धरतो आणि लिहिताना मोडतो. डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला की कोरडा राहतो. धुरानं जरा पिवळा पडतो, पण लिहितो.

त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मिशनच्या शाळांतच शिकवत होता आणि सगळा देश त्याला म्वालिमू म्हणायचा. म्हणजे आपले गुरुजी. नव्या शिक्षकाला हे ऐकून चार दिवस बरं वाटतं. मग पहिल्या चाचणीचे सत्तर पेपर येतात.

काट्यावरचं भांडण तोवर सरत आलं होतं. सिस्टरांनी आधी जाड शब्दकोश काढला, दुकानदारानं तो हातात तोलून सांगितलं, "नऊशे." मग लाकडी डस्टर काढला. काटा तेवीसवर आला. नाचणीची पिशवी बॅगेत तशीच राहिली. ती तिथं मिळते हे सिस्टरांना ठाऊक होतं, दुकानदारालाही बहुतेक असावं. कुणी बोललं नाही.