ब्लॉक कुणी मागवायचा?

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. आमच्याकडे ब्लॉक म्हणजे रूळ काही तास बंद ठेवण्याची परवानगी. तुम्हाला रविवारी शिव्या घालायला लावणारा मेगाब्लॉक, तो हाच. पॅथॉलॉजीतही ब्लॉक असतो, हे आईच्या आजारात कळलं. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. त्याच्यापायी आमचे अकरा दिवस गेले.

आईच्या हाताला स्तनात गाठ लागली गणपतीच्या आधी. तिने सांगितलं दिवाळी उलटल्यावर. मधे भाचीचं बारसं होतं, "चांगल्या कार्यात कशाला ते?" पुढे मी सगळ्या तारखा मांडल्या तेव्हा सर्वांत मोठा उशीर हाच निघाला, रुग्णालयाचा नव्हे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या, मॅमोग्राफी वगैरे काही नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही. आई एकसष्ट वर्षांची. भांडुपमध्ये तीस वर्षं राहते, तिला असा हात कुणी लावला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

बायॉप्सी घराजवळच्या लॅबमध्ये केली. रिपोर्टमध्ये हर-टू, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, 'टू प्लस' आलं. टू प्लस म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मग त्याच ब्लॉकवर फिश नावाची जनुकांची चाचणी करावी लागते, आणि तिच्या उत्तरावर औषध ठरतं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर 'फिश' लिहिलं. तिथल्या काउंटरवर सांगितलं, ब्लॉक बाहेरचा आहे, लॅब पाठवेल. लॅब म्हणाली, रुग्णालयाने लेखी मागायला हवा. आम्ही समजून चाललो की मागितला असेल. आपापलं काम जो तो नीट करत होता, म्हणून भांडायचं तरी कुणाशी?

आमच्याकडे हे रोजचं. सांधा म्हणजे गाडी जिथे रूळ बदलते ती जागा. तिथला रूळ इंजिनिअरिंग खात्याचा, तो हलवणारं मशीन आमचं. दोन्ही वह्या स्वच्छ, आणि सांधा लागत नाही, गाडी उभी. म्हणून सांध्याची तपासणी दोन्ही खात्यांनी एकत्र करायची आणि दोघांनी सही करायची, अशी पद्धत आहे. आईच्या ब्लॉकसाठी अशी सही कुणाचीच नव्हती. अकराव्या दिवशी मी दोन ओळींचं पत्र घेऊन लॅबमध्ये गेलो. वीस मिनिटांत ब्लॉक खिशात.

त्या रात्री डायरीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. कुठलं काम, कोण करणार, त्याला आधीच्याकडून काय लागतं, पुढच्याला काय द्यायचं, आणि 'झालं' हे कोण कुणाला सांगणार. शेवटचा रकाना जवळजवळ सगळा रिकामा निघाला. आईने सांगितल्यापासून पहिल्या केमोपर्यंत ४७ दिवस. नमुना यंत्रात पडून राहतो तो वेळ सोडला, तर कुणीतरी प्रत्यक्ष आईसाठी काम करत होतं असे तास मी मोजले. नऊसुद्धा भरले नाहीत. उरलेला सगळा काळ कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होता.

मला वाटलं, हा तक्ता रुग्णालयाला द्यावा. मोठ्या कागदावर प्रिंट काढून घेऊनही गेलो. सिस्टरने उभ्याउभ्या पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण जरा मागे बघा." मागे चाळीस माणसं. मी कागद गुंडाळला.

रुग्णालय आपल्याला बदलता येणार नाही, घर येईल, एवढं त्या दिवशी ठरलं. ओपीडीत मात्र एक गोष्ट उपयोगी पडली. रांगेत किती माणसं, आणि तासाला किती आत जातात, यांचा भागाकार म्हणजे तुमची वाट पाहण्याची वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली हे गणिताने सिद्ध केलं, पण रेशनच्या दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला ते आधीच ठाऊक असणार. साठ माणसं, तासाला पंधरा, म्हणजे चार तास. मग आईला बाकावर ताटकळत ठेवायचं नाही. खाली जाऊन इडली खायची, डुलकी काढायची.

घरासाठी मी बिघाडांची यादी केली, आमच्या पद्धतीने. प्रत्येक बिघाडाला तीन बाबींचे गुण, प्रत्येकी दहापैकी: किती घातक, किती वेळा होईल, आणि किती उशिरा लक्षात येईल. तिघांचा गुणाकार. मला वाटलं होतं उलट्या वर येतील. वर आला रात्रीचा ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे सरळ कॅज्युअल्टी, सकाळची वाट पाहायची नाही. 'लक्षात येणे' या रकान्यात मी नऊ गुण टाकले, कारण आईच्या भाषेत ताप नसतोच. कणकण असते. शिवाय घरातल्या थर्मामीटरची बॅटरी गेलेली होती.

नवीन थर्मामीटर आणला. सकाळच्या चहाबरोबर एकदा, संध्याकाळच्या मालिकेच्या जाहिरातीत एकदा, मापायचा आणि बायकोने कॅलेंडरवर लिहायचा. दाराजवळ भरलेली पिशवी, शेजारच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर आणि एक कार्ड: कुठलं औषध, कुठल्या तारखेला, आज कितवा दिवस.

दुसऱ्या केमोचा दहावा दिवस. रात्री दीडला आई पाणी प्यायला उठली आणि स्वतःच थर्मामीटर लावून बसली. १०१.२. म्हणाली, "अरे, उगीच उठवलं का तुला?" कॅज्युअल्टीत ते कार्ड पुढे केलं. अशा रुग्णाला पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पस्तीस मिनिटांत झालं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, चारशेच होत्या. पाच दिवस राहिलो.

इतकं सगळं करून मी पहिलाच धडा विसरलो होतो. कुठलीही यंत्रणा उभी करण्याआधी ती ज्याच्यासाठी आहे त्याला विचारायचं. केमोच्या दिवशी आई काही खायची नाही. मी ते मळमळीच्या रकान्यात टाकलं आणि डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. चौथ्या केमोच्या आदल्या रात्री विचारलं, नक्की काय होतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या डब्यात नको रे चढायला."

लोकलमध्ये दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णांना जाता येतं. गर्दी कमी, बसायला जागा, म्हणून मी तो आनंदाने तक्त्यात घेतला होता. भांडुपच्या फलाटावर तो डबा जिथे थांबतो, तिथेच तिच्या भिशीतल्या दोघी रोज गाडीची वाट पाहत उभ्या असतात. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मग टॅक्सी करू."

"पैसे काय वर आलेत? रिक्षाने मुलुंडला जाऊ आणि तिथून चढू. मुलुंडात मला कोण ओळखतं?"

दुसऱ्या दिवशी तिने निघण्याआधी दोन घावन खाल्ले.

फिश पॉझिटिव्ह आली होती, त्यामुळे ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यावरही हर-टूवरचं औषध, ट्रास्टुझुमॅब, चालू आहे, दर एकवीस दिवसांनी, मिळून वर्षभर. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या औषधाने केमोसारख्या पेशी घसरत नाहीत आणि केसही परत आलेत, तेव्हा आई आता भांडुपहूनच चढते, लेडीज डब्यात, भिशीतल्या दोघींबरोबर. त्यांना तिने स्वतःच सांगितलं, कधी ते मला माहीत नाही. मी शेजारच्या जनरल डब्यात. डायरी ती मागून घेते. परवा उघडली तर शेवटच्या रकान्यात, 'कोण कुणाला सांगणार' खाली, तिच्या अक्षरात होतं: कुर्ला आलं की मिस कॉल देईन, उचलू नकोस.