गेज तोच, इंजिन वेगळं: कॉम्प्रेशन टेस्टचा माझा अनुभव

गाडी पिकअप देत नाही, ऑइल पिते किंवा मिसिंग करते, अशी तक्रार असली की इंजिन उघडायच्या आधी मी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात हवेचा किती दाब तयार होतो, ते बघतो. पद्धत सगळीकडे तीच. सिलिंडरला दाब मोजणारा गेज लावायचा, सेल्फ मारायचा, काटा कुठे थांबतो ते वाचायचं. मात्र तो आकडा चांगला की वाईट हे इंजिनाच्या प्रकारावर ठरतं. पेट्रोलला १२ बार (दाबाचं एकक) आले तर मी निर्धास्त असतो. डिझेलला तेवढेच आले तर ते इंजिन सुरूही होणार नाही.

साध्या पेट्रोल इंजिनाचं आधी सांगतो. इंजिन गरम करून थोडं निवू देतो, कारण कढत ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे निघून येतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कॉइलचे कनेक्टर आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढतो आणि सगळे प्लग बाहेर घेतो. फक्त एक प्लग काढून टेस्ट केली तर बाकीचे सिलिंडर मोटरला अडवतात आणि आकडा कमी येतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप खरोखर उघडली का, हे डोळ्यांनी बघून घेतो, कारण बंद थ्रॉटलवर धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. मग प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके पडेपर्यंत सेल्फ.

शेवटच्या आकड्याइतकाच पहिला ठोका महत्त्वाचा. चांगल्या सिलिंडरवर काटा पहिल्या ठोक्यालाच निम्म्याच्या पुढे उडी मारतो. सुरुवात कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर संशय पिस्टनवरच्या रिंगांवर. कमी आला आणि तिथेच बसून राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर मधे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळे आटोपल्यावर पहिला सिलिंडर मी पुन्हा मोजतो. बॅटरी दमली असेल तर तिथे कळतं.

साधारण १० ते १४ बार हा पेट्रोलचा पल्ला, आणि सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा हा फरकच जास्त बोलतो. उंचावरच्या ठिकाणी हवाच विरळ असते. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरवर आकडे सुमारे दहा टक्के उतरतात, त्यात इंजिनाचा दोष नाही.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजायची पद्धत आहे. आकडा वाढला तर रिंगा. इथे बरेच जण फसतात. १,२०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर ४०० सीसी, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) १०, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ४४ सीसी. त्यात ५ मिली ऑइल गेलं की रिंगा ठणठणीत असल्या तरी आकडा दहा टक्क्यांहून जास्त वर जातो. म्हणून दोन-तीन बारची ठळक वाढ दिसल्याशिवाय मी रिंगांवर बोट ठेवत नाही. १,५०० सीसीच्या चार सिलिंडर डिझेलमध्ये रेशो १६ धरला तर ही जागा २५ सीसीच उरते. तिथे ऑइलची टेस्ट मी करतच नाही. आकडा खोटा येतो, आणि हात सैल सुटून ऑइल जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. ऑइल दाबलं जात नाही.

डिझेलमध्ये स्पार्क नसतो. हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं, म्हणून आकडे २० ते ३५ बार. पेट्रोलचा २० बारचा गेज इथे लावायचा नाही. ६०-७० बारचा गेज आणि त्या इंजिनाचा ॲडॉप्टर लागतो. मी शक्यतो हीटर प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून मोजतो, पण खरी कसोटी तो प्लग काढण्यात. रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायचं, सकाळी इंजिन गरम करायचं आणि टॉर्क पाना घ्यायचा. ८ मिमी आट्याचा प्लग २० न्यूटन-मीटरच्या आसपास तुटू शकतो, १० मिमीचा ३५ च्या. तुटला तर हेड उतरवायची पाळी. नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) भोकातून मोजलं तर बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकायचा.

टर्बोमुळे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून जास्त हवा आत कोंबणारा पंखा) सेल्फवरच्या आकड्यात काही भर पडत नाही, तेव्हा टर्बो फिरतच नसतो. उलट टर्बो पेट्रोलचा रेशो सहसा थोडा कमी ठेवलेला असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन थेट सिलिंडरात जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर कार्बन साठतो. अशा इंजिनात आकडा अडकून बसला तर आधी मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ) काढून व्हॉल्व्ह बघावेत, हाफ इंजिनच्या (पिस्टन-रिंगा बदलायच्या मोठ्या कामाच्या) खर्चात पडायची घाई नको.

हायब्रिडचं गणित सगळ्यात फसवं. टोयोटा प्रियसच्या १.८ लिटर इंजिनाचा रेशो कागदावर १३, पण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि घेतलेल्या हवेतली काही परत बाहेर जाते. त्यामुळे गेज रेशोच्या मानाने बराच कमी दाखवतो. इथे मॅन्युअलमधल्या आकड्याशीच ताडायचं. वेगळा सेल्फ नसतो, इंजिन फिरवायला स्कॅनरवरून आज्ञा द्यावी लागते. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

सिलिंडरांची मांडणी आकडा बदलत नाही, कष्ट बदलते. आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये मागच्या रांगेचे प्लग बहुधा मॅनिफोल्डखाली दडलेले असतात. बॉक्सरमध्ये, म्हणजे दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या इंजिनात, ते चॅसीच्या बाजूला तोंड करून असतात, आणि सिलिंडर आडवे असल्याने ऑइल एका कडेला साचतं, त्यामुळे ऑइलची टेस्ट तिथेही बिनकामाची.

आकडा कमी आलाच तर पुढे सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून कान लावतो. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. रिंगांमधून थोडी हवा चांगल्या इंजिनातही सुटते. पिस्टन मात्र अगदी वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, नाहीतर हवेच्या दाबाने इंजिन गरकन फिरतं. क्रँकच्या बोल्टवर पाना विसरला असेल तर तो हातावरच येतो.