आबांच्या मौजरसाठी कोलकात्याला

आबांच्या काडतुसांच्या पेटीत चारच उरली होती. काळवंडलेलं पितळ, बुडावर कोरलेलं ‘.२७५ रिग्बी’ आणि झाकणाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने मांडलेला हिशोब: २५, २२, १७... शेवटची नोंद १९७१ची. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आबांनी शिकार सोडली. रायफल मात्र दर दसऱ्याला पुसून, तेल लावून पाटावर यायची.

आबांनंतर ती बाबांकडे गेली. बाबांनी सत्तरी गाठल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, नियमातच तशी सोय आहे. मला ती एकदा रेंजवर चालवायची होती. आबांच्या हातची ती चार मात्र उडवायची नाहीत, हे मनात पक्कं होतं.

.२७५ रिग्बी म्हणजे मुळातलं ७ बाय ५७ मौजर: ७ मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांब पितळी नळकांडं असलेलं काडतूस. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली शिकारी जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची. आपल्या सरकारी कारखान्यांत बनतं ते ३१५, ते या नळीचं नव्हे. परदेशातून मागवायची वाट साध्या परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे बंदीच्या आधीचा, कुणाच्या तरी तिजोरीत पडून राहिलेला माल, एवढीच आशा. पुण्या-मुंबईत विचारून झालं. एका दुकानात तर ३१५ची पाकिटंच पुढे सरकवली, ‘चालून जाईल’ म्हणून. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. चुकीचं काडतूस म्हणजे गालाशी फुटणारी नळी.

शेवटी परवाना देशभर चालावा म्हणून त्यावर अखिल भारताचा शेरा घेतला आणि कोलकात्याच्या जुन्या बंदूकवाल्यांकडे जायला पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडली. मध्यरात्र उलटून गेल्यावर भुसावळच्या पुढे वरणगाव मागे पडलं, तेव्हा मी जागाच होतो. तिथल्या कारखान्यात फौजेसाठी ढिगाने काडतुसं बनतात आणि मी तीन-चार नगांसाठी देश ओलांडत होतो.

हावड्याहून फेरीने हुगळी पार केली, फेअरली घाटावर उतरलो आणि चालत बिनय-बादल-दिनेश बाग गाठली. याच भागात, व्हॅन्सिटार्ट रोवर, रॉड्डा या बंदूकविक्रेत्या कंपनीचं दुकान होतं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कस्टम हाउसमधून निघालेल्या सात बैलगाड्यांपैकी एक तिथे पोचलीच नाही. क्रांतिकारकांनी ती वळवली होती. तीत ५० मौजर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. त्या गल्लीत मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

तिसऱ्या दुकानात मालक सत्तरीपुढचे निघाले. त्यांनी आधी परवाना वाचला, अगदी मागच्या पानापर्यंत, मग आत जाऊन लाल-पिवळं खोकं आणलं. दहा काडतुसं होती. त्यांनी एकेक उचलून खिडकीपाशी धरलं, भिंगातून मान तपासली, बुडावरून अंगठा फिरवला. हिरवा गंज दिसला की डावीकडे, मानेला केसाएवढी चीर दिसली तरी डावीकडे. उजवीकडे तीन उरली.

‘‘दादा, बाकी सात मैं नहीं बेचूँगा,’’ म्हणाले. मी दुप्पट पैसे देऊ केले. त्यांनी मानही वर केली नाही, सातही परत खोक्यात टाकली. आज वाटतं, एवढ्या लांब जाऊन मला भेटायला हवा होता तो हाच माणूस. वहीत आणि परवान्यावर नोंद केली, ‘०३’, आणि निघताना बजावलं: बुडातली टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, जुनी आहे, नळीत गंज आणणारे क्षार सोडते, त्याच दिवशी नळी उकळत्या पाण्याने धुवा.

ते ऐकून मी थबकलोच. शिकारीहून आल्यावर आबा आजीला बंब पेटवायला सांगायचे, ते आंघोळीसाठी असं घरात सगळे समजत होतो!

महिन्याभराने रेंजवर पहिलं काडतूस वाजलंच नाही. नळी निशाण्याकडेच रोखून मिनिटभर थांबलो, मग ते काढून बाजूला ठेवलं. दुसरं वाजलं. अक्रोडाचा दस्ता खांद्यावर असा बसला, जणू आबांनीच मागून हात ठेवला. तिसरंही वाजलं.

संध्याकाळी गावी पोचलो तेव्हा आईने बंब पेटवून ठेवला होता. मी नळी मोरीत तिरकी धरली, बाबा तांब्याने पाणी ओतत होते. आधी काळं पाणी आलं, मग राखाडी, मग नितळ. ‘‘अजून एक तांब्या,’’ बाबा म्हणाले, ‘‘आबा सहा ओतायचे.’’