तळ्याची जाळी

आज एका खासगी तळ्याच्या मातीच्या बांधावर फिरलो. बोटी चकाचक. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, मात्र मासे निसटू नयेत म्हणून जाळी, आणि तिच्यात पालापाचोळा गच्च अडकलेला. बांधाच्या पायथ्याशी पाझर होता, तोही गढूळ. नितळ पाझरावर नुसती नजर ठेवली तरी एक वेळ चालतं. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय. मालक म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांत काही झालं नाही!"

अमेरिकेतलं साउथ फोर्क धरणही असंच, श्रीमंतांच्या मासेमारी क्लबचं. सांडव्याला जाळ्या, पाणी सोडायचे पाइप आधीच काढलेले. ३१ मे १८८९ ला पाणी बांधावरून गेलं, बांध फुटला आणि खाली जॉन्सटाउनच्या खोऱ्यात २,२०० हून जास्त माणसं मेली.

जाळी उद्याच काढा म्हटलंय. पाझर बघायला मात्र धरणातला जाणकार इंजिनिअरच हवा, आणि पावसाआधी.