तुम्ही विचारलंत म्हणून: चांगला चाललेला गिअरबॉक्स का काढलात?

हा प्रश्न मला दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक म्हणजे ऑगस्टातल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, भेटणारे पिकल्या केसांचे अमेरिकन, ज्यांना नुसत्या आवाजावरून गाडी ओळखता येते. दुसरे आपले डेट्रॉइटकडचे मराठी मित्र. त्यांचं म्हणणं, जुनी घेतलीस तर जुनीच ठेव, नाहीतर सरळ नवी घे की! प्रश्न रास्त आहे. गाडी 1968 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. कारखान्यातून तिच्याबरोबर आलेला चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स धडधाकट होता, त्यावर कोरलेला नंबरही गाडीच्या नंबराशी जुळत होता. तो उतरवून मी आजचा पाच गिअरचा बसवला.

‘मूळ स्वरूप’ हा शब्द जीटीओच्या बाबतीत मला जरा गमतीचा वाटतो. या गाडीचा जन्मच पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा पॉन्टिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं 389 घन इंचांचं इंजिन बसवलं आणि ते नवी गाडी म्हणून न दाखवता गिऱ्हाइकाने मागितल्यास द्यायचा जादा संच म्हणून विकायला काढलं. 1964 च्या पहिल्याच हंगामात 32,000 च्या वर गाड्या गेल्या, मग कोण कशाला बोलतंय! त्यावरही लोकांचं समाधान नव्हतं. रॉयल ओक गावातली रॉयल पॉन्टिअ‍ॅक ही एजन्सी ताकद वाढवायला ‘बॉबकॅट’ नावाखाली पातळ हेड गॅस्केट, कार्ब्युरेटरचे वेगळे जेट, इग्निशनचं वेगळं टायमिंग असं सगळं करून देत असे. म्हणजे कोऱ्या गाडीला हात लावायची खोड साठ वर्षांपूर्वीचीच आहे.

माझ्या हाती आली तेव्हा गाडी लाल होती आणि लांबून देखणी दिसायची. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याला लोहचुंबक लावलं तर ते वर चिकटायचं आणि खाली आणलं की घसरून पडायचं. खाली पत्राच नव्हता, बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरलेली होती. मागच्या काचेखालच्या खाचेत पाणी साठतं, तिथून ते डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ खातं. या गाड्यांचं ते ठरलेलं दुखणं. वर मिशिगनचा हिवाळा, रस्त्यावर मीठच मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटातच सुमारे 1,200 फूट खोल मिठाची खाण आहे. ज्या शहराने गाड्या घडवल्या त्याच्याच खालचं मीठ त्या खातं, याला काय म्हणावं? पत्र्याचं काम सगळ्यात जास्त चाललं, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सोडून देतो.

पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्यांची एक सोय मात्र फार चांगली आहे. पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे गाडीचा नंबर कळवला, की कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते. त्यावरून कळलं की गाडी ‘व्हर्डोरो’ हिरव्या रंगाची होती आणि चार गिअरची होती. मग टॉर्च घेऊन इंजिनच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर बघितला. तो गाडीच्या नंबराशी जुळेना. मधल्या कुठल्यातरी मालकाने दुसऱ्या पॉन्टिअ‍ॅकचं 400 घन इंचांचं, म्हणजे 6.6 लिटरचं इंजिन टाकलेलं होतं. इंजिनही मूळचं निघालं असतं तर मी एक स्क्रूसुद्धा बदलला नसता, हे इथेच सांगून टाकतो. सगळे नंबर जुळणारी गाडी हा दस्तऐवज असतो, तो जपायचा असतो. माझी तशी नाही हे कळल्यावर मी मोकळा झालो. रंग बिलाप्रमाणे हिरवा केला आणि गाडी चालवायची असं ठरवलं.

चालवायची म्हटल्यावर पहिला नंबर ब्रेकचा. दीड टनाच्या पुढची गाडी, 350 हॉर्सपॉवर (तेव्हाच्या जुन्या मोजणीने, जी आजच्यापेक्षा बरीच उदार होती) आणि चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम! उतारावर दोन-तीनदा लागोपाठ ब्रेक मारले की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. त्या काळीही पुढच्या चाकांना डिस्क मिळत होते, फक्त वेगळे पैसे मोजावे लागत. पहिल्या मालकाने ते मोजले नाहीत, मी मोजले.

दुसरं पेट्रोल. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, कागदोपत्री 10.75, ते तेव्हाच्या शिसं घातलेल्या उंची पेट्रोलच्या हिशोबाने. आज पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल भरलं तरी चढावर इंजिन ठोकायला लागायचं. काम काढलंच होतं, तर खोलगट पिस्टन घालून कॉम्प्रेशन साडेनऊच्या खाली आणलं आणि हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवल्या, कारण शिशाशिवाय जुन्या सीट झिजतात. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे यावर वादही होत नाही.

आता गिअरबॉक्स. मन्सीचा चौथा गिअर थेट, एकास एक. मागचा अ‍ॅक्सल 3.55 चा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या 3.55 फेऱ्या. हायवेवर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला 3,200 फेऱ्या घेतं आणि तासन्‌तास घेतच राहतं. शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागतं, तिने एकदा ‘मी आपली मागून दुसऱ्या गाडीतून येते’ असं शांतपणे सुचवलं होतं. ट्रेमेकच्या नव्या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर 0.68 चा, म्हणजे एकऐवजी 0.68 फेऱ्यांत तेच काम. तोच वेग, फेऱ्या 2,200. वुडवर्डवर क्रूझच्या दिवशी रांगेत सरकताना यातलं काहीच लागत नाही, पण मला गाडी ट्रेलरवर घालून न्यायची नव्हती.

हे करताना एकच नियम पाळला: उलटं फिरवता आलं पाहिजे. फ्लोअरला करवत लावली नाही, सगळं बोल्टवर आहे. मन्सी साफ करून, तेल लावून, गुंडाळून तळघरात ठेवलाय. गाडी कधी विकली तर तो तिच्याबरोबर जाईल, आणि मूळ बिलाची प्रतही.

‘मग आजचं शेव्हरोलेचं एलएस इंजिनच टाकायचं होतंस’, असाही सल्ला मिळतो. ते हलकं आहे, ताकदवान आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, सगळं मान्य. पण पॉन्टिअ‍ॅकचं व्ही-8 हे पॉन्टिअ‍ॅकचं स्वतःचं होतं, शेव्हरोलेशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि पॉन्टिअ‍ॅक 2010 मध्ये संपली. बॉनेट उघडलं की तो फिकट निळा ब्लॉक दिसलाच पाहिजे. इथे मी हट्टी आहे आणि कारण विचारू नका. त्या हट्टाची किंमतही आहे. क्रँकच्या मागच्या टोकाला कारखान्याने सुंभासारखं दोरीचं सील दिलेलं असे. मी तेच ठेवलं, त्यातून तेल ठिबकतं, म्हणून गाडीखाली पुठ्ठा टाकावा लागतो.

राहता राहिला तो दुसरा प्रश्न, जो फक्त आपलीच माणसं विचारतात, तेही गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून झाल्यावर: ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हायवेला, पाचव्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवला तर लिटरला सहा किलोमीटर. पाय हलका राहत नाही.