हँडीकॅमवर कुठला फॉरमॅट ठेवला? माझा अनुभव

घरात सोनीचा फोर-के हँडीकॅम आला आणि मेनू उघडला तर रेकॉर्डिंगच्या फॉरमॅटची तीन नावं, एक्सएव्हीसी एस फोर-के, एक्सएव्हीसी एस एचडी, एव्हीसीएचडी. ज्याला विचारावं तो म्हणे फोर-केच ठेव, पैसे कशाला मोजलेत मग! ठेवलं. सिंहगडावर पहाटेचं धुकं काय सुंदर आलं, पण १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे तासाला ४५ जीबी, ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही, शिवाय त्या स्पीडला भरभर लिहिणारं यू३ कार्ड लागतं ते वेगळंच.

मग एव्हीसीएचडी. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकनी मिळून आणलेला, जागा कमी खातो, सगळ्यात वरचा पीएस मोड २८ एमबीपीएस, तासाला साडेबारा जीबीच्या आसपास. पण फायली शोधायच्या म्हणजे बीडीएमव्ही फोल्डरमध्ये जा, त्यात स्ट्रीममध्ये जा, तिथे ००००० नावाची एमटीएस फाइल. भाचीच्या गॅदरिंगचं लांब शूटिंग केलं तर दोन-दोन जीबीचे तुकडे, आणि खालचे मोड ५०आय, म्हणजे इंटरलेस्ड, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक. लक्ष्मी रोडला विसर्जनात ध्वजवाला गरागरा फिरतोय आणि लॅपटॉपवर थांबवून बघावं तर ध्वजाच्या कडेला कंगव्याचे दात! पीएसमध्ये तेवढं होत नाही, तो ५०पी आहे, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम.

आता कायमचं ठरलंय, एक्सएव्हीसी एस एचडी, ५०पी, ५० एमबीपीएस. तासाला साडेबावीस जीबी, क्लास १० कार्डावर चालतं, साधी एमपी४ फाइल मिळते आणि एसटीच्या खिडकीतून घाट शूट केला तरी झटके दिसत नाहीत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०पीला शटर १/५० सेकंद ठेवलं की कार्यालयातल्या ट्यूबलाइटही लपलप करत नाहीत. फोर-के फक्त ट्रायपॉडवर, गडावरून दरी वगैरे, नंतर एडिटला क्रॉप करता येतं म्हणून.

एक कटकट उरलीच. पेनड्राइव्ह फॅट३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, आणि ५० एमबीपीएसला ११ मिनिटांतच ४ जीबी होतात. मोठ्या फायली घेणारा एक्सफॅट केला तर बाबांचा जुना टीव्ही तो ओळखत नाही 😄 मग रात्री हँडब्रेकला लावून झोपायचं, फुकट सॉफ्टवेअर आहे, सकाळी छोटी फाइल तयार. ओरिजिनल मात्र हार्ड डिस्कवर तसंच ठेवते, ते उडवायचं नाही.