नवा कॅम आणि जुने टॅपेट: आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन दुसऱ्यांदा बांधताना

आमचा ट्रॅक्टर ३५ एचपीचा, तीन सिलेंडरचा, वडिलांनी घेतलेला. आर्णीकडची काळी जमीन नांगरायची म्हणजे इंजिनात जोर लागतो. यंदा फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटून नांगर लावला, तर तो जोरच नव्हता. धूर काळा, एक सिलेंडर मिस मारतंय, टॅपेट (कॅमची उचल वर पोचवणारे छोटे खुंटे) वाजतायत. गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, बसवला की आवाज थांबायचा, आठ दिवसांत पुन्हा टकटक. ताकद मात्र एकदाही परत आली नाही.

दोन वर्षांपूर्वी इंजिन खोललं होतं, तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवट्यांचा फिरता दांडा) नवा टाकला आणि सहाही टॅपेट जुनेच ठेवले. निर्णय माझा. दिसायला चकचकीत होते, आणि ते पैसे बियाण्याला हवे होते.

गावातल्या मिस्त्रीचाचांनी रॉकर काढले, पुशरॉडवर (टॅपेट आणि रॉकरमधल्या कांडीवर) उचल मोजणारा डायल गेज लावला आणि पुलीला पाना घालून इंजिन हळूहळू फिरवलं. दुसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्टचा लोब (कॅमवरचा उंचवटा) बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर कमी उचलत होता. गॅप आपण मोजतो तो कॅमच्या गोल पाठीवर. लोबचं टोक कितीही झिजलं तरी फिलर गेजला (फट मोजायच्या पट्टीला) ते कळत नाही. गॅप वाढत होता तो टॅपेटचं तोंड खोलगट होत चाललं म्हणून, आणि ताकद गेली ती टोक गेलं म्हणून. एकाच ठिकाणचे दोन आजार, मी त्यातला एकच पाहत होतो.

चाचा म्हणाले, "भाऊ, चक्कीच्या एका दगडाले टाकी लावली अन् दुसरा तसाच ठेवला, त पीठ कसं येईन? हे दोघं संगंच झिजते, संगंच बदलाव लागते."

मग त्यांनी नवा टॅपेट जुन्याच्या तोंडाला तोंड लावून उजेडाकडे धरला. सपाट दिसणारं टॅपेटचं तोंड खरं तर किंचित फुगीर असतं. लोबही अगदी थोडा तिरका घासलेला असतो आणि टॅपेटच्या मध्यावर नसतो, जरासा बाजूला असतो. त्यामुळे प्रत्येक उचलीत टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि घासणं एकाच जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबच्या मापानं घासलेला. नव्या लोबवर तो फिरतच नाही, आणि न फिरणारा टॅपेट लोब खाऊन टाकतो.

या वेळी आधी पूर्ण ठरवायचं, मगच पैसे काढायचे, असं मी ठरवलं. कॅम ग्राइंड करून घ्यायचा सल्ला मिळाला. पण घासल्यावर गोल भागही बारीक होतो, टॅपेट खाली बसतो, पुशरॉड आखूड पडू शकतो. शिवाय वरचा कडक थर जातो. भंगारात एक कॅम टॅपेटसकट मिळत होता. ज्या लोबचा टॅपेट त्याच लोबवर गेला असता तर चाललंही असतं, पण सहाही एका पिशवीत कालवलेले. दुसऱ्या मॉडेलचा कॅम "बसते न भाऊ" म्हणून दाखवला, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्हला फार थोडी जागा उरते. जास्त उचलणारा कॅम टाकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. भाच्यानं रोलर टॅपेट सुचवले. त्यांचा कॅम वेगळ्या आकाराचा असतो, आणि रोलरचा टॅपेट स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्याला धरून ठेवावं लागतं. आपल्या इंजिनात ती सोयच नाही.

शेवटी नागपूरहून त्याच मॉडेलचा कॅम आणि सहा टॅपेट एकाच दुकानातून आणले. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मूळ मापाच्याच ठेवल्या. कडक स्प्रिंगनं नवा लोब लवकर जातो.

आमच्या इंजिनाचे टॅपेट छत्रीच्या तोंडाचे, खालून बसणारे, म्हणून इंजिन उलटं करावं लागलं. प्रत्येक टॅपेट आपल्या भोकात बोटानं फिरतो का, हे मी स्वतः पाहिलं. एक अडकत होता. भोकात काळा थर साचला होता, तो साफ केला. लोबवर आणि टॅपेटच्या तोंडावर काळं मॉली ग्रीस. टायमिंगच्या खुणा चाचांनी दोनदा जुळवल्या. ऑइल डिझेलचंच, १५डब्ल्यू-४०, कारण कॅमला जपणारं झिंक-फॉस्फरस त्यात भरपूर असतं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी ठेवतात.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं. आधी स्टॉपची तार ओढून धरून प्रेशर येईपर्यंत नुसतं स्टार्टर मारलं. मग सुरू होताच रेस १५०० आरपीएमच्या आसपास धरली आणि २० मिनिटं खाली येऊ दिली नाही. कॅमवर ऑइल पडतं ते क्रँकनं उडवलेलं. मंद रेसवर ते कमी उडतं, आणि नव्या लोबला त्याच वेळी जास्त हवं असतं. रॉकर कव्हर काढलेलंच होतं, हेडवरून ऑइलचे थेंब माझ्या शर्टावर उडत होते. पुशरॉडवर मी चुन्याचे ठिपके दिले होते. सहाही ठिपके सावकाश गोल फिरताना दिसले. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलले काही नाही.

ते ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. काढलेल्या ऑइलात लोहचुंबक फिरवला, त्याला फक्त पिठासारखा करडा थर लागला, कण नव्हते. मृगाआधी सगळी नांगरणी आणि वखरणी याच इंजिनावर झाली. ५० तासांनी गॅप पुन्हा मोजला. बारा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३० मिलिमीटर बसवला होता, सहाही तेवढेच निघाले.